बंडीचं माप

“बाईला छाती आहे ना, म्हणून टेकत नाही,” वालेंतीन पुटपुटला. “सपाट असती तर एव्हाना काम उरकलं असतं.”

बायकोच्या कानापासून दोन वितींवर उभा राहून तो हे पुटपुटला, तरी नेल्याने ते अंगाला लावून घेतलं नाही. बोलणं क्लावाचं चाललं होतं. क्लावा म्हणजे नेल्याची शिवणकामाची पुतळी. डोकं नाही, हात नाहीत, खाली एकच लाकडी पाय आणि वर भरदार छाती. ख्मेल्नित्स्की शहराच्या बाजारात विकायचे गाऊन, झगे, ट्रॅकसूट बावीस वर्षं तिने निमूट अंगावर चढवून घेतले होते. आज वालेंतीनने तिच्या छातीवर बसच्या कमानपाट्यांतून कापलेला पोलादाचा तुकडा दोरीने बांधला होता, आणि तो काही केल्या सरळ बसत नव्हता. डावीकडून दाबला की उजवीकडे कलायचा.

“त्या छातीवर या घराची चूल पेटली आहे,” नेल्या म्हणाली. “तिला नावं ठेवू नकोस. लोखंडच तुझं वाकडं आहे.”

“लोखंड नाही, पोलाद! इकारुस बसचं. पन्नास माणसं पोटात घेऊन खड्ड्यांतून गेलंय हे.”

“माझा मुलगा बस नाही, वाल्या.”

वालेंतीन तीस वर्षं बस डेपोत मिस्त्री होता. जी वस्तू घरी घडवता येते तिला दुकानात पैसे मोजणं त्याला पाप वाटायचं. आणि झाखार त्याचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा, फरशा बसवण्यात हात बसलेला, गुडघे आत्तापासूनच कुरकुरणारे. ऑगस्टमध्ये त्याला फौजेचं बोलावणं आलं, दोन महिने सराव झाला, आणि येत्या रविवारी त्यांची तुकडी तिकडे निघणार होती. ‘तिकडे’ म्हणजे नेमकं कुठे, हे घरात कुणी विचारत नव्हतं. सरकारी चिलखत त्याला मिळालं होतं, पण ते कुणा धिप्पाड माणसाच्या बेताचं. बसलं की हनुवटीला टोचायचं, धावलं की पोटावर आपटायचं. ज्यांना जमलं त्यांनी घरून आपापलं मागवलं. सोमवारी फोन करून तो म्हणाला होता, शनिवारी चार तास घरी सोडताहेत, तेवढ्यात काही जमत असेल तर बघा. नाही जमलं तरी चालेल.

त्या ‘तरी चालेल’नंतर नेल्याचं कशात लक्ष लागेना. ती तापायला ठेवलेली इस्त्री विसरायची, बसल्या जागेवरून उठायची आणि कशासाठी उठलो ते विसरून परत बसायची.

चिलखत हा शब्दही घरात कुणी काढत नव्हतं. बंडी म्हणायचे. झाखारची बंडी. जसं काही थंडी तोंडावर आली आहे आणि पोराला लोकरीचं काही नाही.

“नेल्या पेत्रिव्ना,” सून दारातून म्हणाली. स्निझानाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सासूला आई म्हणायला तिची जीभ वळत नव्हती. शाळेतल्या बाईंना मारावी तशी बापाच्या नावासकट हाक मारायची. “कूम फेदिर आलेत. बंदूक घेऊन. आपल्याकडे भोपळा आहे का विचारताहेत.”

फेदिर झाखारचा धर्मबाप. बाप्तिस्म्यापासून नवरा-बायको त्याला कूम म्हणत आणि तो त्यांना कूम-कुमा. बाजारात त्याचं बायकांच्या सपातांचं दुकान होतं. युद्ध लागल्यावर सपाता मागच्या फळीवर गेल्या आणि पुढे चिलखतं, शिरस्त्राणं, रक्त थांबवायचे पट्टे आले. शिकारीचा परवाना जुनाच होता, बंदूकही.

चौघं शहराबाहेरच्या बंद खाणीत गेली. वालेंतीनने आपली प्लेट मातीच्या ढिगाला टेकवून उभी केली आणि तिच्यावर भोपळा ठेवला. अंगणातला, नेल्याने हिवाळ्यासाठी राखलेला.

“भोपळा कशाला?” नेल्याने विचारलं.

“असू दे,” फेदिर म्हणाला. “वरचा भाग आहे तो.”

कशाचा वरचा भाग, हे कुणी विचारलं नाही. फेदिरने नेम धरला. आवाज झाला, कावळे उडाले. वालेंतीन पळत गेला आणि प्लेट उचलून डोक्यावर धरून नाचायलाच लागला. “नाही गेली आरपार! नुसता खड्डा पडलाय! इकारुस म्हणतात याला!”

फेदिर वाकून भोपळा बघत होता. त्याने तो उलटा करून दाखवला. गोळी पोलादावर फुटली होती आणि तिचे तुकडे वर उडून भोपळ्याच्या बुडात घुसले होते. सहा-सात चिरा, सुरीने कापाव्यात तशा. बिया बाहेर आल्या होत्या.

“पाटा टिकला, कूम,” फेदिर म्हणाला. “भोपळा नाही टिकला.”

या मुलखात मुलाला मुलगी द्यायची नसली की तिच्या घरचे त्याच्या हातात भोपळा ठेवतात. एरवी अशा वेळी वालेंतीनने त्यावरून चार विनोद केले असते. त्याने भोपळा काखेत घेतला, प्लेट दुसऱ्या काखेत, आणि गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. परतताना एवढंच म्हणाला, “वरून रबर लावलं असतं तर?”

“लावतात की,” फेदिर म्हणाला. “विकत मिळणाऱ्या पोलादी प्लेटांना वरून जाड थर असतो, तुकडे त्यात अडकतात. चांगल्या असतात त्या. पण त्यांना मोजायला पैसे लागतात, आणि उचलायला पाठ.”

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारात त्याच्या दुकानी गेल्या. दोघींनी मिळून वीस हजार ह्रिव्ना उभे केले होते. नेल्याने ओव्हरलॉकचं मशीन विकलं होतं आणि स्निझानाने न्हाणीघराच्या फरशांसाठी ठेवलेले पैसे काढले होते. फरशा बसवणाऱ्याच्याच घरात न्हाणीघर चार वर्षं उघड्या सिमेंटचं होतं, ते आता तसंच राहणार होतं.

फेदिरने तीन प्लेटा फळीवर मांडल्या. “ही पोलादाची. जोडी बारा हजार, सात किलो. वर्षभर आपटा, काही होत नाही. ही सिरॅमिकची. जोडी चोवीस हजार, साडेपाच किलो. हिला काचेच्या भांड्यासारखं जपायचं, आपटली की आतून तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. आणि ही प्लास्टिकसारखी दिसते ना, ही तीन किलोत दोन्ही. हिची किंमत सांगत नाही, ऐकून चक्कर आली तर तुम्हाला चहा पाजायला लागेल.”

“सात किलो काही फार नाही,” नेल्या म्हणाली. “तो सिमेंटची पोती उचलतो.”

“पोतं उचलतो आणि खाली ठेवतो, कुमा. हे खाली ठेवायचं नसतं. त्यावर गोळ्या, पाणी, फावडं. दिवसाला वीस किलोमीटर. मग पळायला सांगतात तेव्हा जो दोन किलोने हलका तो—”

“कळलं,” स्निझाना घाईने म्हणाली.

“आणि नुसती चांगली घेऊन भागत नाही. जागेवर बसली पाहिजे. वरची कड इथे आली पाहिजे.” फेदिरने आपला हात गळ्याखालच्या खळग्याकडे नेला. “म्हणजे समजा, इथे बसली तर—”

“स्वतःवर दाखवू नका!” दोघी एकदमच ओरडल्या. शेजारच्या मोज्यांच्या दुकानातली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

दुखापत कुठे झाली किंवा होईल हे आपल्या अंगावर हात ठेवून दाखवायचं नाही. दाखवलं की तिथेच होते. हे शाळेत शिकवत नाहीत, आईच्या दुधाबरोबर पोटात जातं. फेदिरने हात झटकला, फळीवर तीनदा टिचकी मारली, खांद्यामागे तीनदा थुंकल्यासारखं केलं.

“हे बघा,” तो वैतागून म्हणाला. “सपाता विकत होतो तेव्हा बाईच्या पायात घालून दाखवायचो. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे विकतो आणि ही वस्तू कशासाठी आहे ते मला एक गिऱ्हाईक बोलू देत नाही. बायका येतात, माप विचारलं तर म्हणतात पन्नास नंबर, उंची चार. अहो, सदरा नाही घ्यायचा! हृदय सगळ्यांचं एकाच जागी असतं, पोट केवढंही असो.”

“कापडाचा भाग मी शिवेन,” नेल्या म्हणाली. तिने बोलणं कापडावर आणलं, कारण तिथे तिचा पाय जमिनीला लागत होता. “तुझा एक नमुना दे, कूम. जाड नायलॉन माझ्या मशीनवर जातं. तेवढे वाचतील.”

“शिव. पण प्लेटा तरीही वीस हजारांत बसत नाहीत. सिरॅमिकच्या म्हणतोय मी.” त्याने इकडेतिकडे बघितलं. “एक जोडी आहे. माझ्याकडे नाही. वापरलेली.”

वापरलेली म्हणजे कुणी वापरलेली, आणि आता तो का वापरत नाही, हा प्रश्न फळीवर तिन्ही प्लेटांच्या मध्ये येऊन बसला.

“जिवंत आहे,” फेदिर म्हणाला. “घरी आहे. जाऊन बघा.”

त्याचं गाव वीस किलोमीटरवर होतं. वालेंतीनने गाडी काढली. अंगणात जुन्या चादरीवर अक्रोड वाळत होते आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर ओस्ताप नावाचा मुलगा बसून हातोडीने ते फोडत होता. तीसच्या आतला असावा. उजवा पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेला, गुडघ्यापासून खाली लोखंडी सळया आणि कड्या, आतून बाहेर आलेल्या. वालेंतीनने आधी ती जोडणी बघितली, मग त्याच्याकडे, मिस्त्रीची खोड.

“सुरुंगाचा तुकडा,” ओस्ताप म्हणाला. “हाड एकत्र आणताहेत. वर्ष तरी लागेल म्हणतात.”

त्याची आई रायिसा घरातून सुक्या नाशपतींचं सरबत घेऊन आली. पेले ठेवता ठेवता मुलावर खेकसली, “पुन्हा सालं जमिनीवर! दिवसभर पायात पायात येतो माझ्या. स्वयंपाक करू की याला ओलांडत फिरू? परवा म्हणे आई, वारेनिकी कर. काल म्हणे सारण बटाट्याचं नको, कोबीच्या कर. रात्री मांजर आत घेतो अंथरुणात. सांगून सांगून जीभ झिजली माझी.”

“ऐकायचं नाही तिचं,” ओस्ताप हसून म्हणाला. “कोबीच्या तिनेच केल्या.”

रायिसाने त्याच्या डोक्यात हलकीच टपली मारली आणि हात तिथेच राहू दिला. नेल्या त्या हाताकडे बघत राहिली. इतकी बघत राहिली की सरबत पेल्यातून कलून तिच्या स्कर्टवर सांडलं.

ओस्तापने प्लेटा खुर्चीखालून काढल्या. स्वच्छ होत्या, कडेने चिकटपट्टी लावलेली, आत निर्मात्याचं लेबल, चाचणीचा कागद घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत. “पंधरा हजार जोडीचे. पण मी पडलो तेव्हा पाठीवर पडलो. तडकली नसेल म्हणून शपथ घेणार नाही. कुठे तपासता येत असेल तर घेऊन जा, तपासा, मग पैसे द्या.”

“मी एक्स-रे काढते,” स्निझाना म्हणाली. “दवाखान्यात तेच काम करते मी.”

“मग झालंच की!”

स्निझाना त्याच्या पायाकडे बघत होती. मग अगदी सहज, हवापाण्याची चौकशी करावी तसं तिने विचारलं, “परत बोलावतील का तुम्हाला? पाय बरा झाल्यावर?”

“मला? या पायाने?” ओस्तापने एक अक्रोड फोडला. “नाही. माझं झालं. फौजेतून सुटल्याचा कागद आलाय.”

“अच्छा,” स्निझाना म्हणाली. तिने मान वर केली तर सासू तिच्याकडेच बघत होती. दोघींनी एकदम नजर काढून घेतली; एकीने अक्रोडांकडे नेली, दुसरीने कुत्र्याच्या घराकडे. चोरी करताना दोन शेजारणी एकाच कुंपणाशी भेटाव्यात तसं झालं.

गाडीत प्लेटा दोघींच्या मांड्यांवर, गोधडीत गुंडाळलेल्या, दोन तान्ह्या पोरांसारख्या.

“वाईट झालं बिचाऱ्याचं,” वालेंतीन म्हणाला.

मागच्या सीटवर स्निझानाने गोधडीचं टोक आत खोचलं.

“नाही, म्हणजे कोवळा मुलगा. लग्न व्हायचंय. आयुष्यभराचा लंगडा—”

“रस्ता बघ, वाल्या,” नेल्या म्हणाली.

एक्स-रे गुरुवारी निघाला. वीज कापायचं वेळापत्रक होतं, दवाखान्याच्या भागात वीज फक्त दुपारी बारा ते दोन असायची. त्यात हात मोडलेली एक आजी आणि खोकणारे चार जण आटोपून स्निझानाने दोन्ही प्लेटा एकामागोमाग टेबलावर ठेवल्या. यंत्र नाव घातल्याशिवाय चालत नाही, म्हणून तिने रुग्णाच्या नावात ‘पुढची’ आणि ‘मागची’ असं लिहिलं. डॉक्टर फोटो बघायला आले, चष्मा वर केला, खाली केला. “हिला हाडं नाहीत,” ते म्हणाले. मग त्यांना कळलं आणि ते खुर्ची ओढून नीट बसले. पुढची स्वच्छ होती. मागचीच्या खालच्या कोपऱ्यातून वर केसाएवढी रेघ गेली होती. डॉक्टरांनी ती पेन्सिलने दाखवली, तिची लांबी मोजली, आणि सवयीने म्हणाले, “प्लास्टर घालून उपयोग नाही.”

ओस्तापने एकीचेच पैसे घेतले. मागची नवी फेदिरने खरेदीच्या भावात दिली. वीस हजारांतले अडीच हजार उरले. त्यात नायलॉनचं कापड आणि पट्टे आले.

मग नेल्या मशीनवर बसली. तिच्या भागात वीज सकाळी चार तास आणि संध्याकाळी दोन. ती गेली की हाताने. क्लावावर माप घेतलं आणि लक्षात आलं की त्या छातीचा उपयोग नाही. मग तिने झाखारचा जुना सदरा उशा भरून खुर्चीवर बसवला आणि त्याच्याशी बोलत शिवत राहिली. फेदिरचा नमुना तिला आखूड वाटला. कंबर सगळी उघडी! या मुलाला लहानपणापासून मूत्रपिंडाला थंडी बाधते. सातवीत असताना सदरा खोचला नाही म्हणून आठवडाभर दवाखान्यात पडला होता. आणि तिकडे ओल्या मातीत झोपायचं. तिने खालून एक वीत वाढवली. आतून फ्लॅनेल लावलं. उद्या अंगाने भरला तर, म्हणून बाजूंना तीन तीन बोटं जास्तीची ठेवली. वालेंतीन येऊन बघून गेला. संध्याकाळी त्याने बकलांसाठी स्वतः कानस मारून गुळगुळीत केलेल्या कड्या आणून टेबलावर ठेवल्या, आणि तिने त्या लावल्या.

शनिवारी अकराला झाखार आला. केस बारीक, कान बाहेर आलेले, हाताला डिझेलचा वास. बायकोला मिठी मारली, आईला, बापाच्या पाठीवर थाप मारली. बोर्श्टचे दोन वाडगे संपवले. तोंडात पाव असतानाच म्हणाला, “आणा बघू, कुठे आहे ती बंडी.”

अंगावर चढवली आणि आरशासमोर उभा राहिला.

“आई,” तो म्हणाला, “ही माझी आहे की गरोदर बायकांची?”

स्निझाना तोंडावर हात ठेवून हसली. तिला हसताना नेल्याने ऑगस्टनंतर पहिल्यांदाच बघितलं.

“कंबर झाकली पाहिजे,” नेल्या म्हणाली. “फ्लॅनेल आहे आतून.”

“बघ हां.” तो उकिडवा बसला. खालची कड मांड्यांवर टेकली आणि अख्खी प्लेट वर सरकून त्याच्या गळ्यात रुतली. बोलताना आवाज चिरका निघाला. “हे असं होतं. आणि उभा राहिलो की सगळंच खाली जातं.” तो उठला आणि दोन बोटं गळ्याखालच्या खळग्यावर ठेवली. “वरची कड इथे पाहिजे. आत्ता चार बोटं खाली आहे. म्हणजे वरून इथे हे सगळं—”

“स्वतःवर दाखवू नकोस!”

“मग कुणावर दाखवू, आई?” झाखार शांतपणे म्हणाला. “माझीच आहे ना ती.”

वालेंतीन खिडकीबाहेर बघायला लागला, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“पोट झाकायचं नसतं,” झाखार म्हणाला. “पळता आलं पाहिजे. कंबरेला मी तुझा लोकरी पट्टा बांधेन, शप्पथ. आखूड कर.”

अंगावरचं कापड अंगावरच शिवायचं नसतं, म्हणून ती फक्त टाचण्या लावत गेली. खांद्याचे पट्टे वर घेतले, खालची वीत आत दुमडली, बाजूची तीन तीन बोटं काढली. दातांत टाचण्यांची ओळ. त्याच्याभोवती गुडघ्यांवर फिरताना तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, प्लेटवर हळूच आपटणारा. एक वाजता वीज जाणार होती, त्याआधी मशीनवर घालायला हवं होतं. स्निझाना कात्री हातात द्यायची, खडू द्यायची, न सांगता.

“आता कसं बसतंय?” वालेंतीनने विचारलं.

झाखार उकिडवा बसला, उठला, दोन उड्या मारल्या. कपाटातले पेले किणकिणले. “आता बसतंय,” तो म्हणाला. “आई, झकास. आमच्यात कुणाकडेही अशी नाही.”

तेवढ्यात दार वाजलं आणि फेदिर आला, हातात एक पिशवी, चेहरा खुललेला. धर्मपुत्राला मिठी मारायला गेला आणि टाचण्या टोचून मागे सरला. “वेळेवर आलो! बघा काय आणलंय. पोलंडहून माल आला त्यात या जास्तीच्या निघाल्या. विकायच्या नाहीत, माझ्याकडून.” त्याने पिशवीतून हिरव्या रंगाच्या दोन जाड पट्ट्या काढल्या, पट्टे लोंबत असलेल्या. “एकेका पायाला एक, मांडीपासून नडगीपर्यंत. आत तुकडे अडवणारं कापड. दोन्ही मिळून किलोसुद्धा नाही. आमच्याकडे हजारो ह्रिव्नांना जातात, आणि गिऱ्हाईकं कधी घेत नाहीत, पैसे छातीवरच संपतात.”

“वा, कूम!” वालेंतीनने पुढे होऊन त्या हातात घेतल्या, वाकवून बघितल्या. “त्या ओस्तापकडे या असत्या तर—”

तो थांबला. फेदिरने मान हलवली. “असत्या तर पाय शाबूत असता.”

नेल्याने सुनेकडे बघितलं. स्निझानाच्या हातात कात्री होती आणि ती तिची पाती उघडझाप करत होती, काहीच न कापता.

“उकडेल त्याला,” स्निझाना म्हणाली.

“ऑक्टोबर संपत आलाय, पोरी,” फेदिर म्हणाला. “पहाटे गवतावर बर्फ असतो.”

“मग जड होतील. तुम्हीच म्हणालात ना, दोन किलोने हलका तो.”

“एक किलोसुद्धा नाही म्हणतोय मी.”

“शिवाय रंग वेगळा आहे.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “बाकीच्यांचा वेगळा, याचा वेगळा. दिसेल.”

“रंग?” वालेंतीन म्हणाला. “अगं, रंग काय घेऊन बसलीस? फुकट मिळताहेत! पाय आहेत ते, पाय! आण इकडे, झाखार, बांधून बघू.” तो खाली बसला आणि मुलाच्या मांडीला पट्टा लावायला लागला. बकल उलटं होतं. तो स्वतःशीच काहीतरी बडबडत होता, बकलावर, पोलंडवर, आजकालच्या शिलाईवर.

झाखार कधी बायकोकडे बघत होता, कधी आईकडे. “काय झालंय?” त्याने विचारलं. “काय चाललंय तुमचं?”

स्निझानाने कात्री टेबलावर ठेवली. तिने सासूकडे बघितलं, आणि यावेळी नजर काढून घेतली नाही.

नेल्याने दातांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि हातातल्या उशीत खोचल्या. सात होत्या. मग तिने वाकून नवऱ्याच्या हातातला पट्टा सोडवला, अगदी हळू, झोपलेल्या पोराच्या मुठीतून खेळणं काढावं तसा.

“राहू देत पाय उघडे,” ती म्हणाली. “लागायचंच असेल तर पायाला लागू दे त्याला, वाल्या. म्हणजे तो घरी येईल.”